एकतीस ग्रॅम जास्त

चार किलोच्या वर एक कणही चालणार नाही, असं रॉकेटवाल्यांनी लेखी कळवलं होतं. अन् मंगळवारी सकाळी, गाडी न्यायला यायच्या बरोब्बर एक दिवस आधी, आमचा डबा काट्यावर चार हजार एकतीस ग्रॅम दाखवून राहिला होता.

डबा म्हणजे आमच्या विद्यापीठाचा उपग्रह. पावसाळी ढगांत वीज कडाडली की त्यातून जे किरण वर उडतात, ते मोजणारा. सहा वर्षांपासून मी त्याची प्रमुख आहे. प्रमुख म्हणजे काय, तर डबा बनवणारी टीम एकीकडे, त्याचा डेटा वाचणारी टीम दुसरीकडे, अन् मधात मी, उत्तरा गजभिये, रक्तदाबाची गोळी घेऊन. हे रॉकेट हुकलं तर पुढचं दीड वर्षानं. तोवर माझी अर्धी पोरं पुण्या-बंगलोरला नोकरीला लागलेली असणार अन् डबा कपाटात धूळ खात पडणार. मला हे सहन होणार नव्हतं.

"काटाच खराब आहे," डेटा टीमची रितिका म्हणाली. "माझ्या तक्त्यात एकेक स्क्रू मोजलेला आहे. बेरीज बरोबर चार किलो येते."

"काटा नाही, तुझा तक्ता खराब आहे वं," डबा बनवणाऱ्यांचा म्होरक्या जितेंद्र म्हणाला. "पंधरा दिवसांपासून सांगून राहिलो."

"पंधरा दिवस? मग मले काहून नाही सांगितलं?" मी ओरडले.

दोघंही पहिल्यांदाच एका सुरात बोलले, "मॅडम, आम्हाले वाटलं तुम्ही चिडाल."

मी? चिडते? मी इतकी चिडले की शेजारच्या वर्गातला तास थांबला. "उघडा डबा! आत्ताच्या आत्ता!"

डबा उघडला. हातमोजे, टोप्या घालून सगळे भोवती उभे. अन् एकेक माल बाहेर यायला लागला. बॅटरीच्या मागे पिवळ्या टेपखाली टेकडीच्या गणपतीच्या अंगाऱ्याची पुडी. जितेंद्र छताकडे पाहू लागला. रेडिओच्या बाजूला बोधिवृक्षाचं पान, लॅमिनेट केलेलं, कोपरे गोल कापलेले. ते मेघाचं. प्रेमानंदचा काळा दोरा, चांदीच्या ताईतासकट. सगळ्यात शेवटी संत्र्याच्या तीन बिया. त्या रितिकाच्या निघाल्या, एकेक स्क्रू मोजणाऱ्या रितिकाच्या!

"तो प्रयोग आहे, मॅडम," ती पुटपुटली.

"कायचा प्रयोग? अंतराळात बाग लावतेस?"

मग मी सगळ्यांना झाडलं. विज्ञान म्हणजे काय, शिस्त म्हणजे काय, तुम्हाला लाज कशी वाटत नाही, सगळं झालं. हे सगळं पोटात घेऊन डबा हादऱ्यांच्या परीक्षेत पास झाला होता, याचंच मला नवल वाटत होतं. पोरं माना खाली घालून ऐकत होती. माझा श्वास संपल्यावर रितिका हळूच म्हणाली, "मॅडम, याचे अकरा पूर्णांक चार ग्रॅम झाले. अजून एकोणीस पूर्णांक सहा ग्रॅम माझ्या तक्त्यात नाहीत."

त्यातले एकोणीस ग्रॅम कुठे आहेत, ते मला चांगलं माहीत होतं. बुडाच्या आतल्या बाजूला पितळेची एक पाटी होती, 'मा. कुलगुरू यांच्या प्रेरणेने'. ती मी स्वतः बसवली होती. आमची फाइल आठ महिने कुलगुरूंच्या टेबलावर बसून होती. पाटीचा विषय काढला अन् फाइल दुसऱ्या दिवशी उठून चालायला लागली. वजनाचं नंतर पाहू, असं म्हणून मी कोणाला बोलले नव्हते.

मी गुपचूप पाटी काढली अन् अंगाऱ्याशेजारी ठेवली. पोरांपैकी एकही हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं. अन् त्याच दिवशी चार वाजता कुलगुरू डब्याला निरोप द्यायला येणार होते.

काटा चार हजार पूर्णांक सहावर येऊन थांबला. अजून सहा दशांश ग्रॅम जास्त! डिंक, तारा अन् आमचं नशीब.

"एक स्क्रू काढून टाकू," जितेंद्र म्हणाला.

"काढून तर पाहा!" रितिका किंचाळली. "सगळ्या परीक्षा पुन्हा द्याव्या लागतील."

"मग झाकण कानशीनं घासू."

"झाकणामागे माझं मोजणीयंत्र आहे. कुठे जास्त घासलं गेलं तर आकडे बोंबलले."

झाकण सारखंच खरवडायचं होतं, केसाएवढं. विद्यापीठाच्या वर्कशॉपमधलं मोठं मशीन दिवाळीपासून बंद. दुरुस्तीची फाइल 'वर' गेलेली. चालू होतं ते एकच, पदवीदानाच्या मेडलवर नावं कोरायचं. ते चालवणारे रुपरावभाऊ. झाकण घेऊन आम्ही त्यांच्याकडे धावलो.

रुपरावभाऊंनी झाकण उलटसुलट पाहिलं. "खरवडून देतो, मॅडम. पण हे मशीन फक्त लिवते. याले काहीतरी लिवायले द्या."

मी अन् जितेंद्रनं एकमेकांकडे पाहिलं. एक नाव कोरलं तर किती वजन जाते? रितिकानं तिथंच उभ्या उभ्या हिशोब केला: बारा-तेरा मिलिग्रॅम. म्हणजे पन्नासेक नावं. आयुष्यभर ऐकत आले की नाव लावलं की भार वाढतो, अन् इथं उलटा कारभार!

मशीन लहानच, ते उचलून डब्याच्या शेजारच्या खोलीत आणलं. आधी टीमची तेवीस नावं गेली. झाकण धुतलं, वाळवलं, डब्यावर नुसतं ठेवून तोललं. तीन दशांश उतरले. पोरांनी आरोळी ठोकली. मग टीमच्या आया आल्या, नुसत्या पहिल्या नावानं, म्हणजे अर्ध्या वजनाच्या. मेघाची सत्यवती, जितेंद्रची वंदना, सगळ्यांच्या. अंगारा अन् पान काढताना जी पोरं रडवेली झाली होती, ती आता आईचं नाव सांगताना कॉलर ताठ करत होती. सहा वर्षं आमचा चहा घेऊन तिसरा मजला चढणारी कांताबाई आली. प्रेमानंदनं कानाशी येऊन हळूच रीनाचं नाव सांगितलं.

"नाही," मी म्हटलं. "उद्या तिचं दुसरीकडे ठरलं तर वर जाऊन खोडणार आहेस का गा?"

चारला कुलगुरू हार घेऊन आले. टेबलावर ताईत, बिया, पान अन् त्यांची पाटी एका ओळीत मांडलेली होती. पाटी झाकायला मी काहीतरी शोधू लागले. पण खोटं बोलायला वेळ नव्हता. जे होतं ते सांगून टाकलं.

त्यांनी पाटी उचलली, हातात तोलली. मग म्हणाले, "म्हणजे मी गेलो?"

"पाटी गेली, सर. नाव कोरता येते."

"पदव्यांसकट?"

मी नाही म्हणणार होते. रितिका मध्येच बोलली, "सर, पदव्या तर पाहिजेच आहेत."

तीन डॉक्टरेट, दोन मानद अन् एक फेलोशिप. सरांच्या पदव्या पहिल्यांदाच कोणाच्या तरी कामी आल्या, अन् ते खूश झाले. काटा चार हजार पूर्णांक शून्य दोन.

दोन शतांश, म्हणजे वीस मिलिग्रॅम! झाकणावर खाली एकच ओळ शिल्लक होती. रितिकानं यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. कोणी राहिलं नव्हतं. जितेंद्रनं तर टोपी काढून डोकं धरलं.

"भाऊ," मी विचारलं, "कोण राहिलं असेल हो?"

"मले काय माहीत, मॅडम. तुमी नाव देता, मी लिवतो."

मी त्यांच्याकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांची नावं कोरून राहिला आहे. माझ्या स्वतःच्या सुवर्णपदकावरचं नावही त्यांच्याच हातचं. अन् सकाळपासून आम्ही सगळे त्यांच्या डोक्यावर उभे राहून नावं ओरडत होतो. मला इतकी लाज वाटली की चिडायचंही सुचलं नाही.

"तुमचं लिहा, भाऊ."

"माह्यं?" ते हसले. "माह्यं कायले? मी काय केलं?"

"लिहा म्हणते ना!" आता मात्र मी चिडले. "पूर्ण लिहा. वडिलांच्या नावासकट, गावासकट."

त्यांनी खिशातला रुमाल काढून हात पुसले. मेडलवर कधी न थांबणारं मशीन दोनदा थांबवलं. रुपराव धोंडबाजी निखारे, मु. पो. उमरेड. झाकण धुतलं, वाळवलं, ठेवलं. आकडा हलला, डगमगला अन् थांबला.

"चार हजार," जितेंद्र म्हणाला.

"चार हजार," रितिकाही म्हणाली.

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. कुलगुरूंनी डब्याचा हार चुकून प्रेमानंदच्या गळ्यात घातला. मी रडले, सगळ्यांसमोर, अन् मला त्याचं काही वाटलं नाही.

रुपरावभाऊ झाकण धरून बाजूला उभे होते. "वर गेल्यावर हे कोन वाचन, मॅडम?"

"कोणीच नाही, भाऊ."

"मंग ठीक आहे," ते म्हणाले. "मेडलवरचं तरी कोन वाचते." अन् चष्मा पुसून, बोट फिरवत, त्यांनी शेवटची ओळ तीनदा वाचली. जितेंद्र झाकण बसवायला हात पुढे करून थांबला होता. मी त्याला म्हटलं, थांब जरा.