बारशाआधीचं नाव

राजाबाईच्या दारात त्या दिवशी दोन पाहुणे आले, एक बैलावरून आणि एक टांग्यातून. शहापूरच्या त्या बोळात बैल आणि टांगा एका वेळी मावत नाहीत. तेव्हा आधी आलेल्यानं दार अडवलं आणि मागून आलेल्याला कोपऱ्यावर उतरून चालत यावं लागलं.

आधी आला तो भरमू हेळवी. हेळवी म्हणजे घराण्यांची नावं सांभाळणारा माणूस. तीन वर्षांतून एकदा बैलावर बसून यायचं, दारात घोंगडं टाकायचं, चोपडी उघडायची आणि लोकांना त्यांचेच वाडवडील ऐकवायचे. मधल्या काळात झालेले मुलगे लिहून घ्यायचे, सूपभर तांदूळ पदरात पाडून घ्यायचे आणि पुढचं दार गाठायचं. भरमू वाचायला लागला की देवळात आरती चालल्यासारखी माणसं उभी राहत. आपला खापरपणजा कोण होता हे कळून कुणाचा माग एक हातभर जास्त विणत नाही, पण ऐकताना ऊर भरून येतो खरा.

मागून आला तो गोरा सोल्जर. लढाई पाचव्या वर्षात होती आणि बेळगावच्या कँपात हरतऱ्हेचे गोरे येऊन पडले होते. हा अमेरिकन, नाव हीबर, काविळीनं महिनाभर लष्करी हॉस्पिटलात पडलेला. बरा झाल्यावर त्यानं आईसाठी शहापुरी लुगडं घ्यायचं मनात धरलं, आणि तिथल्या भटारखान्यात बटलर असलेला राजाबाईचा धाकटा भाऊ भावकू त्याला थेट बहिणीच्या घरी घेऊन आला. दुकानदाराचं भलं करण्यापेक्षा विणकर दाजींचं केलेलं काय वाईट.

राजाबाईनं चहा ठेवला. गोऱ्यानं हात जोडून नको म्हटलं. तिचा चेहरा उतरला. आमच्या घरचं चालत नसेल, असं तिला वाटलं. भावकूनं घाईघाईनं सांगितलं, की हा कुणाकडंच चहा पीत नाही. कॉफी नाही, विडी नाही, दारू नाही. मग हा साहेब तरी कशाला झाला, असं राजाबाईच्या तोंडावर आलं होतं, पण तिनं ते गिळलं आणि ताक दिलं. ताक तो दोन पेले प्यायला, आणि तिथून पुढं तो तिला आवडला.

भरमू वाचतच होता. लुगडी दाखवायला काढली तरी गोऱ्याचं लक्ष चोपडीवर. हा काय वाचतो, त्यानं विचारलं. भावकूनं सांगितलं तसा तो उठून घोंगड्याच्या कडेला जाऊन मांडी घालून बसला. बसता येत नव्हतं, गुडघे कानाला लागत होते, पण बसला. खिशातून एक लहानशी वही काढून त्यानं भरमूपुढं धरली. तिच्यातही नावंच होती. आजा, पणजा, त्याच्या आया, कोण कुठं जन्मला, कधी गेला.

"ह्ये मिशनवाले न्हवंत," भावकू बहिणीला म्हणाला. "ह्येंचा पंथ निराळा. मॉर्मन म्हनत्यात. मेलेल्या मानसांची नावं हुडकून लिवायची, आन त्येंच्या नावानं देवळात विधी करायचा, असं हाय ह्येंच्यात."

राजाबाईला त्यात नवल वाटलं नाही. पितृपक्षात आपण तरी दुसरं काय करतो. पण विधी कशासाठी, हे मात्र तिनं विचारायला लावलं. आणि मग अर्धा तास त्या अंगणात जे चाललं ते ऐकायला सगळा बोळ जमला. गोरा सावकाश बोलायचा, भावकू डोकं खाजवायचा आणि जमेल तसं मराठीत आणायचा. जन्माला यायच्या आधीही आपण होतो, देवापाशी, त्याची लेकरं म्हणून. तिथं अंग नव्हतं. इथं आलो ते अंग मिळवायला, सुखदुःख सोसून शिकायला, आपल्या मनानं बरं काय वाईट काय ते निवडायला. मागचं सगळं विसरूनच इथं यायचं, नाहीतर परीक्षेला अर्थ काय. मेलं की संपलं नाही, परत जायचं. आणि नवरा-बायको, आई-लेकरू यांची गाठ देवळात नीट बांधली असेल तर ती मरणानं सुटत नाही. म्हणून नावं लिहायची. मागं राहिलेलं एकही माणूस सुटू नये म्हणून.

"लई कारकुनी हाय म्हणा देवाकडं," भरमू म्हणाला. स्वतः जन्मभर तेच केलेलं, तरी म्हणाला.

राजाबाई कांड्या भरायच्या रहाटाशी बसली होती. हात चालत होता, पण सूत कुठं जातंय हे तिला दिसत नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी तिला एक मुलगी झाली होती. जोतिराम आणि केदारी यांच्या पाठीवरची. नवव्या दिवशी गेली. बारसं बाराव्या दिवशी असतं, तेव्हा नावही नव्हतं. आण्णाप्पानं, तिच्या नवऱ्यानं, एकट्यानं नेऊन ओढ्याकाठी पुरली, आंघोळ केली आणि मागावर बसला. घरात सुतक नाही, दिवस नाहीत, काही नाही. आली तशी गेली, बायका म्हणाल्या. त्यानंतर आण्णाप्पानं त्या पोरीचा शब्द काढला नव्हता. मुलं किती, असं कुणी विचारलं की राजाबाई दोन सांगायची आणि सांगताना दर वेळी जीभ अडखळायची.

"ईचार त्येला," ती भावकूला म्हणाली, "न्हानपनीच गेली त्येंचं काय?"

भावकूनं विचारलं. गोऱ्यानं वहीचं पहिलं पान उघडलं. पहिल्या ओळीत त्याच्या थोरल्या बहिणीचं नाव होतं, वय एकवीस दिवस. तो तिच्यानंतर जन्मला, तिला त्यानं पाहिलेलंही नव्हतं. त्याच्या आईला किती मुलं म्हणून विचारलं तर ती आजही आठ सांगते, आणि घरात मुलांची ताटं मात्र सातच मांडली जायची. अशी लेकरं शुद्धच असतात, तो म्हणाला. त्यांना कसली परीक्षा नाही, कसलं पाप नाही, ती सरळ देवापाशी जातात. भावकूनं इथवर नीट सांगितलं. पुढचं वाक्य ऐकून मात्र तो अंगठ्यानं माती उकरायला लागला. राजाबाईची मुलगी गेली त्या सकाळी तो याच घरात होता.

"काय म्हनला? सांग की."

"आक्का, तो म्हनतोय, मेलेली समदी उठतील त्या दिवशी त्ये लेकरू गेलतं तेवढंच्या तेवढं आईच्या मांडीवर देत्यात. मग आईनं त्येला वाढवायचं. जे हितं ऱ्हायलं त्ये तिथं करायचं."

रहाट थांबला. आतला आण्णाप्पाचा मागही थांबला होता, पण तिकडं तिचं लक्ष गेलं नाही. धागा तुटला असेल, एवढंच तिला वाटलं.

हे खरं की खोटं, हा विचार राजाबाईच्या मनात आला नाही. आपल्या देवाला ती सोडणार नव्हती आणि गोराही तिला सोड म्हणत नव्हता. पण अकरा वर्षांत त्या पोरीचं पुढं काहीतरी असेल, असं सांगणारा हा पहिला माणूस होता. बाकी सगळ्यांनी विसर म्हणून सांगितलं होतं. तिनं भावकूला सांगून त्याला विनंती केली, की माझ्या लेकीला तुझ्या वहीत लिही.

गोऱ्यानं नाव विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. नाव होतं, म्हणजे तिच्या मनात होतं. चंपा. पोटात असल्यापासून ठरवलेलं. पण नाव ठेवायचं ते आत्यानं, पाळण्यात, कानात. आईनं मनात ठरवलेल्याला कोण नाव म्हणतो?

गोरा वही मिटून म्हणाला, की माझी वही माझ्या माणसांची आहे. तुमच्या लेकीला तुमच्या माणसांत लिहायला हवं. आणि तुमच्या तर दारातच चोपडीवाला बसलाय.

सगळ्यांनी भरमूकडं पाहिलं. भरमू काही दुष्ट माणूस नव्हता, पण सात पिढ्यांची चोपडी होती त्याच्याकडं आणि तिच्यात एकही बिननावाची ओळ नव्हती. मुली आम्ही बहुतकरून लिहीत नाही, तो म्हणाला. तरी लिहिली असती, राजाबाईचे तांदूळ खाल्लेत. पण बारसं न झालेलं माणूस लिहायचं कसं?

"नाव आना. उद्या सकाळी खानापूरच्या वाटंला लागायच्या आत आना, मी लिवतो. बिननावाचं मानूस मला वाचता यायचं न्हाय, आक्का. पुढच्या बारीला हितं बसून मी हाक काय मारू?"

गोरा निळ्या काठाचं लुगडं घेऊन गेला. जाताना त्यानं राजाबाईला वाकून हात जोडले.

सकाळी ती वडगावला नणंदेकडं गेली. मालुबाई म्हणजे आण्णाप्पाची थोरली बहीण, दोन्ही मुलांची नावं तिनंच ठेवलेली. राजाबाईनं सगळं सांगितलं आणि म्हणाली, आक्का, आता एक नाव द्या, चंपा म्हणा, नुसतं तोंडानं म्हणा. मालुबाईच्या हातातली भाकरी तव्यावर करपली. मेलेल्या पोरीचं बारसं करतेस का, तिनं विचारलं. एका गोऱ्यानं येऊन काहीबाही सांगितलं आणि तू नाचायला लागलीस. नाव देणं म्हणजे हाक मारणं. हाक मारली की ती फिरून येणार, आणि येऊन कुणाला धरणार? तुझी दोन जिवंत आहेत, त्यांच्यावर का उठलीस?

त्या शेवटच्या वाक्यावर राजाबाई उठली. भांडली असती तर बरं झालं असतं, पण मालुबाईही त्या वेळी डोळे पुसत होती. परतताना वाटेत राजाबाईनं दोनदा ठरवलं की सोडून द्यावं. दोन पोरांच्या जिवावर कोण उठेल? पण मग त्या गोऱ्याची आई आठवायची, आठ सांगणारी. ती बाई कुणाच्या जिवावर उठली होती?

दाराशी बैल उभा होता. भरमूनं घोंगडं गुंडाळलं होतं, चोपडी फडक्यात बांधत होता. राजाबाईचा चेहरा पाहून त्यानं फडक्याची गाठ मारली. सूप घेऊन ती तांदूळ आणायला आत वळली, तर आण्णाप्पा मागाच्या, पाय सोडून विणायच्या खड्ड्यातून वर आलेला. दिवसा, जेवणाची वेळ नसताना, हा माणूस कधी खड्ड्याबाहेर येत नसे.

"भरमाप्पा, चोपडी सोडा," तो म्हणाला. "पोरीचं नाव सांगतो."

राजाबाईच्या हातात सूप तसंच राहिलं. आण्णाप्पा तिच्याकडं न बघता बोलत होता, एवढं बोलायची त्याला सवयच नव्हती.

"वड्यावर नेलती तवा खड्ड्यात ठेवायच्या आदी कानात सांगितलं मी. आत्या न्हवती तितं. नावाबिगर पोरगीला मातीत कसं ठिवायचं? वडगावच्या आक्काला सांगितलं न्हाय, ती रागावली असती. नाव दिल्यावर दिवस घालाय पायजे हुतं, त्ये बी घातलं न्हाय. आन हिला..." त्यानं धोतराला हात पुसले. "हिला सांगितलं असतं तर ही त्या नावानं रडली असती. बिननावाचं लवकर इसरंल म्हटलं."

भरमूनं फडकं सोडलं, पान काढलं, बोरू शाईत बुडवला.

"काय नाव?"

"सगुणा."

ते त्याच्या आईचं नाव. सगुणाबाई पोर जन्मायच्या आदल्या वर्षी गेली होती आणि हयातभर तिनं राजाबाईला एक घास सुखानं खाऊ दिला नव्हता. बोळातल्या जुन्या बायकांना ते सगळं ठाऊक होतं. भरमूलाही असावं, कारण लिहायच्या आधी त्यानं मान वर करून राजाबाईकडं पाहिलं. आण्णाप्पानंही, पहिल्यांदाच.

"तुला दुसरं पायजे असंल तर दुसरं सांग," तो म्हणाला. "तुझ्या मनात हुतं का कायतरी?"

अकरा वर्षं आपण एकट्याच रडतोय असं तिला वाटलं होतं. आणि इतकी वर्षं हा माणूस दहा हातांवर, मागाच्या खड्ड्यात, एक नाव तोंडात धरून बसला होता. तिला त्याचा रागही आला आणि त्याच्या छातीवर डोकं ठेवावं असंही वाटलं. चारचौघांत दोन्ही करता येत नव्हतं. तिनं सूप खाली ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं.

"सगुणाच लिवा," ती म्हणाली. "माझ्या मनातलं नाव तिनं कदी ऐकलंच न्हाय. ह्येंचं तिच्या कानात पडलंय. तिकडं गेल्यावर मी हाक मारीन, तवा तिला कळाय नको, आपल्यालाच बोलावत्यात म्हनून?"