आठ सेकंदांचा साक्षीदार

मित्रांनो, मी हृदयावर पाळत ठेवणारा एक जुना मॉनिटर आहे, बोटाच्या दोन पेरांएवढा. नगरच्या एका दवाखान्यात, डॉक्टरांच्या टेबलावरच्या डबीत मी असतो. घाबरलेल्या पेशंटला ते मला दाखवतात. "छातीच्या डाव्या बाजूची कातडी बधिर करायची, लहानशी चीर द्यायची, हा आत सरकवायचा. दहा मिनिटांचं काम. जखम भरेपर्यंत पाणी लागू द्यायचं नाही." मला मात्र ज्योती आठवते आणि संताप येतो.

ज्योती कर्जतकडची. कांदा काढताना ती अचानक कोसळायची आणि थोड्या वेळाने आपोआप उठायची. सासू बायडाबाई म्हणायची, "कामाच्या वक्ताला बरी पडती! सोंग हाय समदं." आणि हाताला येईल त्याने तिला बडवायची. नवरा अंगद मान खाली घालून उभा. शेवटी त्यानेच तिला नगरला आणलं आणि मी तिच्या कातडीखाली गेलो. घरी तिच्या उशाशी एक खोका आला. मी टिपलेलं तो डॉक्टरांना पाठवायचा. त्याची विजेची पिन काढू नका, असं बजावलं होतं.

खंडेनवमी आली. त्या दिवशी अवजारांना विश्रांती. बायडाबाईने विळे, खुरपी, बैलांचा आसूड पाटावर मांडला. खोक्याचीही पिन काढून त्याला हळदकुंकू वाहिलं. "त्यो बी राबतोच की," ती म्हणाली. अगदी मायेने म्हणाली.

ज्योती ताट घेऊन वाकली आणि विळ्यांवरच कोसळली. कपाळ फाटलं, रक्त डोळ्यांत उतरलं.

"सणासुदीला सुदिक सोंग!" बायडाबाईने पूजेतला आसूड उचलला. पाठीवर, गालावर, ओठावर. एक फटका थेट माझ्यावर बसला. वर आसूड चालू होता आणि आत हृदय बंद होतं. मी मोजत होतो. मला ओरडता येत नव्हतं. आठ सेकंदांनी ठोका पडला.

दसऱ्याला पिन पुन्हा लागली, मी टिपलेलं खोक्याने पाठवलं आणि लगेच डॉक्टरांचा फोन आला. दवाखान्यात त्यांनी कागदावरची सरळ रेघ दाखवली. "एवढा वेळ हृदय थांबलं होतं."

बायडाबाई खाली बसली. "म्हंजी मेलेल्या लेकराला मारीत हुते मी?" तिने ज्योतीच्या सुजलेल्या गालाकडे हात नेला. ज्योतीने चटकन दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मला काढून डॉक्टरांनी तिला ठोके देणारं यंत्र बसवलं. ती आता कोसळत नाही. सासूचा हात वर झाला की अजून दचकते.

मित्रांनो, खोक्याची पिन सणालाही काढू नका. आणि कुणी पडलं, तर हात उगारण्याआधी तो त्याच्या छातीवर ठेवून बघा.