अक्का, फोन उचला ना!

मी एक जुना मोबाईल आहे, मित्रांनो. जामनेरच्या एका घरात, फ्रिजवर, साखरेच्या डब्याला टेकून मी पडलेला असतो. माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे आणि पाठ फुगू लागली आहे. पोटातली बॅटरी फुगली की आमचे दिवस भरत आले असं समजायचं. म्हणून जे सांगायचं ते आताच सांगून घेतो.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. त्यातलं मला फारसं आठवत नाही. पांढरे हातमोजे आठवतात, पट्ट्यावरून सरकत जाणारी माझ्यासारखीच भावंडं आठवतात, आणि मग खोक्यातला अंधार. त्या अंधारातून मला बाहेर काढलं ते सात वर्षांपूर्वी, जळगावच्या एका दुकानात. पांढऱ्या केसांच्या ठेंगण्याशा बाई समोर उभ्या होत्या. दुकानदार माझ्या कॅमेऱ्याचं कौतुक करू लागला, तर त्या म्हणाल्या, "फोटोचं राहू द्या हो. दिवसभर बोललं तर टिकेल का, तेवढं सांगा."

त्या झुंबर अक्का. पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. निवृत्त झाल्या, पण स्वस्थ बसणं त्यांना जमलं नाही. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या रक्तदात्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्याचं नाव 'एक पिशवी'. ग्रुप निघाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून अक्का त्यात होत्या. माझ्या आधीचा फोन त्यांनी याच कामात झिजवला आणि मग मी आलो.

काम असं असायचं. ग्रुपवर कुणाचा तरी निरोप यायचा की अमक्या दवाखान्यात अमक्या गटाचं रक्त पाहिजे. अक्का आधी डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मागायच्या. मग मला कानाला लावायच्या आणि एकामागून एक फोन. सहाशे बारा माणसांची नावं माझ्या पोटात होती, आणि नावंही कशी! 'समाधान ओ निगेटिव्ह देवपूर धुळे'. 'तेजस बी पॉझिटिव्ह सुईला घाबरतो'. 'पुनम ए निगेटिव्ह आधी सासूला विचारणे'. कोण कधी रक्त देऊन आला, कुणाला कावीळ झाली होती, कुणाचं नुकतंच लग्न झालं, हे सगळं अक्कांना ठाऊक. मला त्या नऊ ठिपक्यांच्या कुलपात ठेवत. सून दिपमाला कधी म्हणाली, "आई, ते पॅटर्न मला तरी दाखवून ठेवा," तर म्हणायच्या, "बायामाणसांचे नंबर आहेत गं त्यात. लोकांनी माझ्या भरवशावर दिलेत."

ग्रुपवरच्या बहुतेकांनी अक्कांना कधी पाहिलेलं नव्हतं. स्वतःच्या फोटोच्या जागी त्यांनी घरातल्या बोक्याचा फोटो लावला होता. धुळ्याची, शिरपूरची माणसं त्यांना फक्त आवाजाने ओळखायची. "मिळालं का रक्त? मग आता तुम्ही दोन घास खाऊन घ्या," हे त्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं. ते ऐकून पलीकडे माणसं रडायची. मी ते ऐकत असे आणि मला फार अभिमान वाटे.

या एप्रिलमधला एक मंगळवार. सकाळी अकराला अक्का खाटेवर बसून तुरीची डाळ निवडत होत्या. एकदम त्यांनी छातीवर हात दाबला आणि सूप खाली पडलं. दिपमालाने नवऱ्याला हाक मारली, रिक्षा आली, त्यांना घेऊन गेले. मी खाटेवरच राहिलो. सव्वा वाजता दवाखान्यात अक्का गेल्या. मला हे नंतर शेजारच्या ताईबाईंच्या बोलण्यातून कळलं.

दीड वाजता मी वाजलो.

धुळ्याहून अभिमनचा फोन होता. अभिमन म्हणजे ग्रुपमधला जुना माणूस, देवपूरला त्याचं स्टेशनरीचं दुकान. त्याची बहीण बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. ओ निगेटिव्ह पाहिजे होतं. ग्रुपवर त्याने लिहिलं होतं, पण तिथे सगळे अक्कांच्या फोनचीच वाट पाहायचे. इथे फोन कुणी उचलेना म्हणून त्याने आवाजाचा निरोप टाकला. तो अजून माझ्यात बंद आहे. "अक्का, मी अभिमन बोली ऱ्हायनू. मन्ही बहीणले रगत लागी ऱ्हायनं. अक्का, फोन उचला ना!"

मित्रांनो, समाधान त्या दवाखान्यापासून दहा मिनिटांवर राहतो. सहा महिन्यांत त्याने रक्त दिलेलं नव्हतं. त्याचं नाव, त्याचा नंबर, सगळं माझ्यापाशी होतं. मी काय केलं? मी वाजलो. अकरा वेळा वाजलो. तोवर घरात माणसं जमू लागली होती. अक्कांना आणलं होतं. रडारडीत माझा आवाज ताईबाईंना सहन झाला नाही. "बंद करा रे तो फोन!" म्हणत त्यांनी माझी कडेची आवाजाची कळ दाबून धरली आणि मला फ्रिजवर ठेवलं. त्यानंतर मला वाजताही आलं नाही. मी नुसता थरथरत राहिलो.

चार वाजता काचेवर अभिमनची ओळ उमटली. 'अक्का, तुम्हाला आईसारखं मानलं. आज माझ्यावर वेळ आली तर फोनही उचलत नाही. मोठ्या झालात तुम्ही.'

त्याच वेळी खाली अक्कांना उचलत होते.

रक्त शेवटी मिळालं, पण दुसऱ्याच कुणाकडून आणि अडीच तास उशिरा. त्याची बहीण वाचली. तीन दिवस तिला अतिदक्षता विभागात काढावे लागले.

स्मशानातून माणसं परतली. दिवेलागणीला दिपमाला फ्रिजमधून दूध काढायला आली आणि तिला मी दिसलो. तिने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. तिला उत्तर लिहायचं होतं, पण मला कुलूप. तिने ठिपक्यांवर अंदाजाने बोट फिरवलं. आडवं, उभं, तिरपं. योग्य आकृती मला ठाऊक होती. तिचं बोट एकदा अगदी जवळून गेलं आणि चुकलं. मी तिला 'पुन्हा प्रयत्न करा' एवढंच दाखवू शकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभिमनचा फोन आला. येणारा फोन उचलायला कुलूप उघडावं लागत नाही. दिपमालाने उचलला.

"अक्का कुठे आहेत?" त्याचा आवाज अजून रागातच होता.

"आई गेल्या," दिपमाला म्हणाली. "काल दुपारी सव्वाला."

मग तो हळूच म्हणाला, "मी दीडले फोन करा व्हता."

त्यानेच ग्रुपवर कळवलं आणि मग जे सुरू झालं ते मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. जोडलेले हात, समया, पांढरी फुलं. अक्कांचा फोटो कुणाकडेच नव्हता, म्हणून कुणीतरी त्या बोक्याच्या फोटोलाच हार घातला. लगेच दुसऱ्याने रागावून तो काढायला लावला. कुणी लिहिलं, माझ्या वडिलांना अक्कांमुळे दोन वर्षं जास्त मिळाली. कुणी लिहिलं, मी त्यांना भेटायला जाणारच होतो. हे सगळं अक्कांच्या घरच्यांना वाचता आलं असतं तर! पण काचेवर पहिली ओळ उमटायची आणि पुढचीने ती खाली ढकलायची.

त्या गर्दीत दहा वाजता भुसावळच्या एका बापाचा निरोप आला. त्याच्या मुलीला बी निगेटिव्ह पाहिजे होतं. त्याच्यावर चाळीस जोडलेले हात येऊन पडले, मग आणखी साठ. त्याने पुन्हा लिहिलं, तेही बुडालं. सव्वाचारशे माणसं एका रक्त मिळवून देणाऱ्या बाईसाठी रडत होती आणि रक्त मागणारा माणूस त्यांना दिसत नव्हता. मला दिसत होता. मी थरथरत फ्रिजच्या कडेपर्यंत सरकलो, आणखी काय करणार?

दुपारी तीनला अभिमनने सगळ्यांना लिहिलं. 'थांबा बठ्ठा जण! वर भुसावळना निरोप शे, तो कोणी वाचा का?'

जोडलेले हात थांबले. मग समाधानचं उत्तर आलं, 'माझा मेहुणा बी निगेटिव्ह आहे. निघतोय.' त्या मुलीचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. कुणी लिहिलंही असेल, पण माझ्या काचेवर ते आलं नाही.

गंधमुक्तीच्या दिवशी, सुतक फिटताना, अंगणात अनोळखी माणसं आली. धुळ्याहून एक गाडी, भुसावळहून काही जण. एकमेकांना नावं विचारत होती. अक्कांचा फोटो पाहून एक जण म्हणाला, "मला वाटायचं, उंच असतील."

अभिमन दाराशीच उभा राहिला. दिपमालाने त्याला पाणी दिलं. "ताई," तो म्हणाला, "तो मेसेज लिहिणारा मीच. मन्हाथीन चूक व्हयनी. ज्यांना सांगितलं ते म्हणतात पुसून टाक, मी पुसला नाही. काय लिहिलं होतं ते माझ्या डोळ्यांपुढे राहू दे."

"आईंनी तो वाचलाच नाही," दिपमाला म्हणाली.

"तेच तर, ताई. आता माफी तरी कुणाची मागू?"

बहिणीचं बाळ कसं आहे, एवढं तिने विचारलं.

मला दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दुकानदार म्हणाला, "उघडून देतो, पण आतलं सगळं पुसलं जाईल." नावं पुसून फोन उघडायचा तर उपयोग काय? शिवाय अक्कांचा आवाज माझ्यातच होता. दिपमालाने मला परत आणलं. ग्रुपवाले आता नवी यादी करत आहेत, पण पुष्कळ दाते ग्रुपवर नाहीतच. त्यांचे नंबर फक्त अक्कांकडे होते.

अजूनही फोन येतात. काल शिरपूरहून आला. ओ निगेटिव्ह पाहिजे होतं. दिपमाला म्हणाली, "अक्का नाहीत हो. मला कुणाचं नाव माहीत नाही. थांबा, अभिमनभाऊंचा नंबर देते." तिच्या हातात, माझ्या आत, ओ निगेटिव्हची सोळा नावं होती.

मित्रांनो, एखाद्या माणसाने फोन उचलला नाही तर त्याच्यावर रागावण्याआधी त्याच्या दाराशी कुणाला तरी पाठवा. आणि ज्या गोष्टीवर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे, ती एकट्याच्या बोटाखाली ठेवू नका. भरवशाच्या एका माणसाला तरी दाखवून ठेवा. आम्हा फोनांवर भिस्त ठेवू नका. आम्हाला सगळं माहीत असतं, पण आम्हाला फक्त वाजता येतं.