भागवतच्या बागेचं पान

“तांबड्या चिंधीत तूर, निळ्या चिंधीत मूग... उद्या मी नसले तर तुझ्या भावजयीला कळलं पाहिजे, कुठल्या पुरचुंडीत काय” — आईचा आवाज, तीस वर्षांमागचा, बियाण्याच्या वासाचा, आणि समोर पडद्यावर लुकलुकणारी बारीक उभी रेघ, जिच्यापुढे वंदनाची बोटं अवघडून थांबलेली.

“झालं का ताई?” शेजारच्या खुर्चीतून यशश्री.

झालं का, झालं का! तीन आठवड्यांपूर्वी आलेली ही अंबडची पोर, आणि माझ्या अकरा वर्षांच्या वहीत हात घालते... भोकरदनच्या या मोसंबी सल्ला केंद्रात गावोगावच्या बागांच्या नोंदी संगणकातल्या सामायिक वहीत वंदनानंच चढवलेल्या — कुणाच्या झाडांचं पाणी कधी तोडायचं, किती दिवस तहानेचा ताण द्यायचा, म्हणजे पुढं बहर फुटतो. आता केंद्राचे प्रमुख शरदचंद्र सर म्हणतात, नव्या माणसाला वाट सापडेल अशी मांडा.

“दोन घंट्यांपासून शोधून राह्यले मी. ‘उषाबाईंच्या मागचा बाग’. कोण उषाबाई? कशाच्या मागं? ही वही न्हाई ताई, तुमचं माहेर आहे. वाट तुम्हालाच ठावी.”

“मंग विचारायचं. तोंड तर बराबर चालतं तुझं.”

“अन् तुम्ही नसल्यावर?”

वंदनानं पानं खाली सरकवली. यशश्रीनं मुरमाड जमिनीच्या पानांना तांबडी खूण केली होती, काळीच्या पानांना निळी. किती सोपं, किती उर्मट! आईच्या चिंध्या हिला कुणी दिल्या? या पोरीच्या टकटकणाऱ्या नखांचा, तिच्या नीटनेटकेपणाचा असा संताप येत होता, की उठून वायरच उपटावी...

“हे बघा, हे पान मी सगळ्यात आधी ठेवते,” यशश्री म्हणाली. “केदारखेडा, भागवत. साठ दिवस ताण, काळी जमीन. एवढं स्पष्ट लिहिलेलं असून त्या कल्याणनं भागवतच्याच वरच्या, पाणी न धरणाऱ्या मुरमाडाला साठ दिवस सांगितले. दोनशे झाडं वाळली म्हणे. वर लिहिते — न वाचता सल्ला देऊ नका. कल्याणचं नावच टाकते. नवे लोक लक्षात ठेवतील.”

कल्याण... चार वर्षांपूर्वी तोही नवाच. याच दारात वाळलेल्या झाडांचे फोटो मोबाइलवर घेऊन उभा होता, आणि सरांकडे नाही, वंदनाकडे बघून म्हणाला होता, “ताई, न्हवतं हो तसं लिहिलेलं.” बस, तेवढंच. भागवतचे बाग दोन — एक नाल्याकाठी, काळ्यात. एक वर, मुरमात. पण ‘भागवतचा बाग’ म्हटलं की नाल्याकाठचा, हे मला ठाऊक होतं, मग लिहायचं कशाला? कुणासाठी?... आणि त्या दुपारी, सर जीपमधून उतरायच्या आत, त्या पानावर दोन शब्द. दोनच. कल्याण डबा उचलून गेला तो पुन्हा फिरकला नाही. आणि आता ही पोर त्याला वहीच्या उंबऱ्यावर उभा करणार, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावा म्हणून.

पान पुसता आलं असतं. एक कळ. यशश्रीला म्हणायचं, जुनं होतं, काढलं.

“त्याचं नाव नको.”

“का? चूक त्याचीच ना?”

“नको म्हटलं ना.”

“ताई, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत नकोच म्हणायचं असतं. मी काही तुमची खुर्ची न्यायला न्हाई आले.”

नखांची टकटक थांबली. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होईना, किक बसत राहिली. वंदनानं आपला राग शोधला — सकाळपासून हाताशी होता, धारदार होता — आणि तो या पोरीवरचा नव्हताच, असं काहीतरी छातीत सरकलं... कुठल्या पुरचुंडीत काय... पुढं तिचा आवाज आला तो तिलाच अनोळखी वाटला.

“‘काळी जमीन’ हे तेव्हा तिथं न्हवतं, यशश्री. झाडं वाळल्यावर लिहिलं. मी.”