ढब्बूची बाटली

आमच्या प्रयोगशाळेत बाटलीवर माणसाचं नाव लिहायचं नसतं. नंबर आणि तारीख, बस्स. एकोणीस वर्षांत हा नियम मी एकाच माणसासाठी मोडला, धाकट्या भावासाठी.

ढब्बू म्हणायचो त्याला. लहानपणी होताच तसा गुबगुबीत. यंदा हॉस्पिटलच्या खाटेवर त्याची नुसती हाडं उरली होती, तरी सगळे ढब्बूच म्हणायचे आणि मला प्रत्येकाचा राग यायचा.

"डॉक्टर गोलगोल बोलतात," तो एकदा कुरकुरला. "ताई, तुझं तर कामच आहे हे. सांग ना, मला झालंय काय?"

मी सांगितलं. प्रत्येक पेशीत 'वाढ' म्हणून सांगणारं एक जनुक असतं. वाईट नाही बिचारं. जखम झाली की जागं होतं, पेशी वाढतात, जखम भरली की गप्प बसतं. त्याचा हुकूम अर्ध्या तासात विरतो, म्हणून एरवी ते डोक्यावर बसत नाही. "तुझ्या एका पेशीत ते तुटून भलत्याच जागी जोडलं गेलं. तिथे शेजारी असं बटण आहे, जे कधी बंदच होत नाही. मग ती पेशी वाढतच सुटली."

"म्हणजे माझा पंखा शेजाऱ्याच्या लाइनवर लागलाय," ढब्बू म्हणाला, "आणि शेजारी कुलूप लावून गेलाय गावाला." हसता हसता त्याला ठसका लागला.

माझ्या बाटल्यांतल्या पेशींमध्ये तेच जनुक होतं. पण त्याचं बटण आम्ही बसवलेलं. औषध घातलं की जनुक बंद, पेशींची वाढ थांबली. औषधाचा जोर दोन दिवसांत उतरतो, म्हणून दर दोन दिवसांनी पुन्हा घालायचं.

"मग मला बसव की एक बटण."

"तुला कुठे बसवू, शहाण्या? माणसात नाही बसवता येत!" माझा आवाज चढला. रडू आलं की माझा आवाज चढतो, हे त्याला ठाऊक होतं.

त्याने माझा हात ओढून घेतला. मग म्हणाला, "एका बाटलीला माझं नाव दे. ती तरी बंद ठेव."

बाराव्या बाटलीवर मी 'ढ' लिहिलं. अकरा बाटल्यांना औषध घालून झालं की शेवटी त्याची घ्यायची, कारण ती सूक्ष्मदर्शकाखाली निवांत बघता यायची. संध्याकाळी गेले की त्याचा पहिला प्रश्न, "बंद आहे?" मी म्हणायचे, "आहे." मग तो दोन घास खायचा.

त्या सकाळी अकरा बाटल्या झाल्या आणि ढब्बूच्या बायकोचा फोन आला. "ताई, असाल तशा या." मी सगळ्या बाटल्या उबेच्या कपाटात ढकलल्या आणि पळाले.

त्याला बोलवत नव्हतं. ओठ तेवढे हलले, "केलंस?"

"केलं रे राजा. बंद आहे."

त्याने डोळे मिटले. तासाभरात, माझ्या हातात हात असताना, तो गेला.

दोन दिवसांनी, औषधाची वेळ झाली म्हणून, कामावर आले. कपाट उघडलं. अकरा बाटल्यांतलं पेशींचं खाद्यपाणी होतं तसंच गुलाबी होतं. बारावीतलं पिवळंजर्द, गढूळ. पेशींनी होतं नव्हतं ते खाऊन पाणी आंबवून टाकलं होतं. मी तिथेच फरशीवर बसले.

त्या दिवशी ती बाटली औषधाविना राहिली होती. तो जाताना मी त्याला खोटं सांगितलं होतं.

प्रयोगशाळेचे प्रमुख सर आले. हळूच म्हणाले, "टाकून द्या. एका बाटलीचं काही अडत नाही."

"तुमचं नसेल अडत!" मी ओरडले. सरांवर असं ओरडायचं नसतं.

नवीन बाटली घेतली. त्या पिवळ्यातले चार थेंब, ताजं पाणी आणि औषध. औषध घातलं का, हे तीनदा तपासलं. वर 'ढब्बू' असं पूर्ण लिहिलं. दोन दिवसांनी पेशी मोजल्या, औषध घातलं. आणखी दोन दिवसांनी मोजल्या. तेवढ्याच होत्या.

"आता बंद आहे रे," मी मोठ्याने म्हटलं.

विचारणारं कुणी नव्हतं.