टोचणारी दुपार

इमादने आपला अल्बम मऊ केला होता. निदान त्याची तशी ठाम समजूत होती. नाव ठेवलं होतं 'दुपार'. कोंढव्यातल्या त्यांच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत जेवणं झाल्यावर जी दुपार येते, पंखा फिरतोय, खाली इस्त्रीवाला निखारे हलवतोय, बाकी सगळं निपचित, ती त्याला इलेक्ट्रिक गिटारवर वाजवायची होती. शब्द नाहीत, गाणारं कुणी नाही. ड्रम्स कॉम्प्युटरचे. बाकी वाजवणं त्याचं, रेकॉर्डिंग त्याचं, मिक्सिंगही त्याचंच. कॉलेजात असताना त्यांचा 'लोडशेडिंग' नावाचा बँड होता आणि तिथे एकेका सुरावरून चौघांची भांडणं व्हायची. पुढे बाकीचे तिघे एकामागून एक सॉफ्टवेअरमध्ये गेले. मग इमादने ठरवलं, एकट्यानेच करायचं तर पूर्ण एकट्याने. कुणाला बोट लावू द्यायचं नाही.

अल्बम बाहेर आला. म्हणजे डेक्कनवरच्या एका दुकानात सीड्या ठेवल्या आणि इंटरनेटवर गाणी टाकली. रॉक ऐकणाऱ्या पोरांच्या एका फोरमवर कुणीतरी लिहिलं, 'हात चांगला आहे, पण तिसऱ्या गाण्याला दाढेत कळ आली.' त्याखाली दुसऱ्याने, 'ज्यांच्या शेजारी पत्रा कापायचं दुकान आहे त्यांनी सीडी घेऊ नये, घरबसल्या मिळेल.'

हे इमादने पुणं आहे म्हणून सोडून दिलं. खरा त्रास स्तुतीचा झाला. एका इंग्रजी पुरवणीने 'दुपार'वर अर्धं पान छापलं आणि त्यात म्हटलं, की फुगत चाललेल्या शहराचा संताप इतक्या धारदारपणे आजवर कुणी वाजवला नव्हता. ते वाचून बंगळूरच्या एका रेकॉर्ड कंपनीतून फोन आला. माणूस मूळचा सांगलीचा निघाला.

"देशभर काढू आपण हा अल्बम," तो म्हणाला. "फक्त एक करा. त्या टोनला हात लावू नका. काय किंकाळी आहे हो ती!"

"किंकाळी?"

"म्हणजे चांगल्या अर्थाने!"

इमादने विचार करून सांगतो म्हटलं. खराडीच्या एका कंपनीत तो कामगारांच्या, म्हणजे इंजिनिअरांच्या, छंदवर्गाला गिटार शिकवायचा. दिवसभर स्क्रीनसमोर बसून आलेली ती मुलं गिटारसुद्धा कीबोर्डसारखी मांडीवर आडवी घ्यायची. त्यांच्यातली नम्रता आदराने म्हणाली, "सर, खूप अँग्री आहे हो तुमचं म्युझिक." इमादने मान डोलावली. सगळे त्याच्या रागाबद्दल बोलत होते, आणि त्याला मात्र शेवटचा राग कधी आला होता ते आठवत नव्हतं. हाडांत भरलेला कंटाळा होता, तेवढाच. रेकॉर्ड कंपनीला हो म्हटलं तर हे छंदवर्ग सुटले असते. पण हो म्हणायचं ते कशाला? त्याने जी दुपार वाजवली होती ती त्या सीडीत होती की नव्हती, हेच त्याला कळेनासं झालं होतं.

त्या दिवशी वर्ग संपल्यावर शुभंकरने त्याला गाडीत घेतलं. शुभंकर 'लोडशेडिंग'चा ड्रमर. आता शेजारच्याच इमारतीत मॅनेजर होता. नगर रोडवर गाड्या तुंबल्या होत्या. गाडीत 'दुपार' लागली होती, आणि इमादला ती गोधडीखालून आल्यासारखी वाटली.

"काय केलंस रे हिचं?"

"ट्रेबल शून्यावर ठेवलाय, वरचे सूर सगळे बंद. त्याशिवाय ऐकवत नाही, इम्या. दातांचे डॉक्टर महाग झालेत."

"मारलीस की गाणी!"

"मारली नाहीत, झोपवली. दुपार आहे ना?" मग हाताकडे न बघताच शुभंकर म्हणाला, "चला, सात वाजले. आजही घरी बोलणी."

"घड्याळ न बघता कळलं?"

"आत्ता वाजलं की. दर तासाला वाजतं हे."

"कुठे वाजलं?"

शुभंकरने त्याच्याकडे पाहिलं. मनगटावरचं डिजिटल घड्याळ काढलं, बटण दाबून गजर लावला आणि इमादच्या हातात दिलं. इमादने ते उजव्या कानाला लावलं. लांब कुठेतरी रातकिडा असावा तसं काहीतरी होतं. मग डाव्या कानाला लावलं. गार धातू लागला, पट्ट्याच्या घामाचा वास आला. बाहेरचे हॉर्न स्वच्छ ऐकू येत होते. घड्याळ नव्हतं.

"बंद पडलंय हे."

यावर शुभंकरने टोमणा मारला नाही. इमादला भीती वाटली ती त्यामुळे.

"स्टेजवर तू कुठे उभा राहायचास?" शुभंकरने हळूच विचारलं.

"तुझ्या उजव्या हाताला. कायम."

"म्हणजे माझी मोठी झांज तुझ्या डाव्या कानाशी. हातभरसुद्धा लांब नाही. म्हणून तर मी कानात कापूस घालायचो."

"आणि आम्ही तुला आजीबाई म्हणायचो."

"'आम्ही' नाही. तू. बाकीचे नुसते हसायचे."

कानाच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि आलेख पुढे केला. खालच्या सुरांना रेघ सरळ चालत होती, वरच्या सुरांपाशी आली की कड्यावरून पडल्यासारखी खाली जात होती, डावीकडे जास्त. बोलणं ऐकू येतं, त्यामुळे माणसाच्या लक्षात येत नाही, म्हणाल्या. गेलेलं परत येत नाही. आहे ते जपा.

रिक्षात बसून इमादने सगळं जुळवलं. वरचे सूर त्याला कमी ऐकू येत होते, म्हणून मिक्सिंग करताना त्याने ते वाढवले होते. त्याच्या कानाला दुपार पुरेशी लख्ख वाटेपर्यंत वाढवत नेले होते. म्हणजे त्याचं चुकलं नव्हतं. तो अल्बम अगदी बरोबर होता, फक्त साऱ्या जगात एकाच माणसासाठी.

त्याची बायको मेहजबीन मराठी शाळेत शास्त्र शिकवायची. दोघं घरी दखनी हिंदी बोलत, भांडायला मात्र मराठीवर येत. तिने आलेख नीट पाहिला आणि मराठीत म्हणाली, "मी सांगितलं होतं, टोचतंय म्हणून."

"मग मी काय म्हणालो होतो?"

"गझल ऐकणाऱ्यांना टोचणारच."

ती उठून भांडी लावायला गेली. बराच वेळ नुसता ताटांचा आवाज येत राहिला. त्यातलाही किती आपल्याला ऐकू येतोय, असं त्याच्या मनात आलं.

रविवारी जेवणं झाल्यावर त्याने तिला कॉम्प्युटरसमोरच्या आपल्या खुर्चीत बसवलं. "स्क्रीनवरची ही पट्टी खाली घेतलीस की वरचे सूर कमी होतात. तू लाव."

"मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"दुपार कळते ना? मी वाजवत होतो तेव्हा तू शेजारच्या खोलीत वह्या तपासत होतीस."

तिने पट्टी जराशी खाली ओढली. मग आणखी. थोड्याच वेळात इमादच्या कानातून गिटार निघून चालली. तारांची चमक गेली, बोटांची सरसर गेली, उरली नुसती घुमघुम. तिला थांबवायला त्याचा हात पुढे झाला. तो त्याने मांडीखाली घातला आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. तिच्या कपाळावर आठी होती. पट्टी खाली येत गेली तशी ती आठी सुटत गेली आणि मग खांदेही सैल पडले.

"बस. ही."

"नक्की?"

"हीच वाजवत होतास."

"मला काहीच लख्ख ऐकू येत नाहीये, मेहजबीन."

"माहीत आहे," ती म्हणाली. माऊसवरचा हात तिने काढला नाही.

एकेक करत तिने सगळी गाणी लावली. त्याने बंगळूरला मेल केली, टोन बदललाय, हवा असेल तर हा घ्या. उत्तर काय येणार ते त्याला ठाऊक होतं. मग पहिल्यापासून 'दुपार' लावून तो पलंगाच्या कडेला बसला. ऐकायचा प्रयत्न त्याने केलाच नाही, तो तिच्याकडे बघत होता. तिसऱ्या गाण्याला तिला जांभई आली. पुढच्या गाण्याच्या मध्येच तिची मान खुर्चीच्या पाठीवर कलली आणि चष्मा नाकावर घसरला.

इमादने हलक्या हाताने तो काढून ठेवला, आणि गाणं चालू राहू दिलं.