उजवा हात विहिरीवर

योगेश्वरीची आन, माझ्या पिकल्या केसाची आन, ह्यातला शबुद न् शबुद खरा हाय. खोटं निघालं तर उद्यापासून माझा चहा बंद करा.

बहात्तरच्या दुष्काळात मी उमापूरच्या विहिरीत दोराला लोंबकळत व्हते. आठ परस, म्हंजी आठ माणसं एकावर एक उभी केल्यावानी खोल. वर दोर धरून माझा नवरा. नाव घ्यू न्हाई, पर तुमाला कळाया पायजे म्हून घेते, धोंडीराम. एवढा उंच की उमापुरात हात केला तर मांजरसुंब्याला एसटी थांबायची. आन मी त्याच्या बंडीच्या खिशात मावायची.

लोक म्हनायचे, राक्षसाला कशाचं भ्याव. पर मुंगी माळवदावरून पडली तर अंग झटकून चालाया लागती. बैल बांधावरून घसरला तरी पाय मोडतो. जेवढं मोठं अंग, तेवढी हाडं नाजूक. धोंडीराम शिंकायला सुदिक भ्यायचा.

तळाला एकच झरा उरलेला, करंगळीएवढा. वाटीवाटीनं घागर भरायची. पाणी बाईनंच भरायचं, मग ते नदीवर असू दे न्हाईतर पाताळात. म्हून मी खाली. घरात सासू दोन दिवस कोरड्या जिभेनं पडलेली.

घागर भरली. दोर कमरेला, घागर काखंत. निम्म्यावर आले आन रहाटाचं लाकूड मोडलं. दोराला हिसका बसला. वरून आवाज आला, कट्ट.

"आवं, काय मोडलं?"

"लाकूड."

लाकूड तर कवाच माझ्या कानाजवळून खाली गेलतं.

परत कट्ट. दोर हातभर सरकला.

"सोडा मला. मी मुंगी. मला काय व्हतंय?"

"गप बस. घागर सांडू नकु."

"हात जाईल तुमचा."

"दुसरा हाय की."

काठावर शेजारची कडूबाई माणसं बोलवत व्हती. माणसं कुठली, समदी खडी फोडाया गेलेली.

मी डोळे मिटले, घागरीच्या तोंडावर हात ठिवला. उघडले तवा काठावर. थेंब सांडला न्हवता. त्याचा उजवा हात कोपरापासून उलटा लोंबत व्हता आन दोर दातात.

त्यो हात पुना उठला न्हाई. सोसायटीच्या सभेत ठरावाला हात वर करा म्हनले की डावा वर जायचा. चेअरमन राधाकिशन चेष्टा करायचा, "धोंडीराम, उजवा कुठं ठिवला बे?"

"त्यो कामावर हाय. विहिरीवर."

त्याला जाऊन आता अकरा वर्सं झाली.

सगळं खरं हाय. फकस्त मापं तेवढी मी बदलली. थोराड मी व्हते, दारातून आडवी व्हऊन जायची. त्यो माझ्या खांद्याला लागायचा, काडीवानी.

मुंगी मातर मी खरंच म्हनले व्हते. आन वर त्यो हसला व्हता.